वार बघून आखलेली सहल : घाना, टोगो, बेनिन

गिनीच्या आखाताकाठी घाना, टोगो आणि बेनिन एकमेकांना खेटून आहेत. आक्रा ते कोटोनू अंतर सडकेने जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. तरीही नुसता नकाशा समोर ठेवून ही सहल आखली तर निम्मी वाया जाते. मंगळवारी घानाच्या किनाऱ्यावर होड्या समुद्रात उतरत नाहीत, आशांती मुलखात शनिवार अंत्यविधींचा, कुमासीच्या राजाचा दरबार दर ४२ दिवसांनी, आणि बेनिनमधला वोदून या तिथल्या धर्माचा सण १० जानेवारीच्या सुमारासच. म्हणून आधी कॅलेंडर घेऊन बसायचं, हॉटेलं नंतर. आमच्या लहानशा गटाने १० जानेवारीचा शनिवार बेनिनमधल्या विदा गावात पडेल असं धरलं आणि तिथून उलटं मोजत घानाचे दिवस ठरवले.

निघण्यापूर्वीचं थोडक्यात. घानाचा व्हिसा दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून, टोगो आणि बेनिनचे ऑनलाइन. तिन्हींच्या छापील प्रती जवळ हव्यात, सीमेवर मोबाइलचा पडदा दाखवून भागेलच असं नाही. परतीचं विमान बेनिन किंवा टोगोतून घेतलं तर घानाचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. आक्र्यालाच परतायचं असेल तर अनेक प्रवेशांचा घ्यावा लागतो, आणि हे लोमेला पोचल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ते पिवळं कार्ड जाताना जितकं लागतं तितकंच परत येतानाही लागतं. नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या. पैसे युरोत नेलेले बरे. टोगो आणि बेनिनचा सीफा फ्रँक युरोला बांधलेला आहे, १ युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक, त्यामुळे दरावरून घासाघीस होत नाही. डॉलर नेलेच तर नवे आणि न दुमडलेले.

शुक्रवार : आक्रा

जानेवारीत हरमातान वाहतो. सहारातून धूळ घेऊन येणारा हा कोरडा वारा आकाश पांढुरकं करून टाकतो, दुपारी बारालाही सूर्याकडे बघता येतं. ओठ फुटतात, घसा खवखवतो. कॅमेऱ्याची लेन्स उघड्यावर बदलू नये. डोळ्यांचे थेंब आणि व्हॅसलिन हाताशी असावं.

सकाळी क्वामे एन्क्रुमांचं स्मारक. ६ मार्च १९५७ ला याच जागी, तेव्हाच्या पोलोच्या मैदानावर, त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. मुख्य पुतळा चकचकीत आहे, पण थांबावं मागच्या पुतळ्यापाशी. १९६६ च्या लष्करी उठावात जमावाने पाडलेला तो पुतळा तसाच, हात तुटलेला आणि बिनमुंडक्याचा उभा केला आहे. मुंडकं शेजारी वेगळ्या चौथऱ्यावर. ते कोणीतरी जपून ठेवलं होतं आणि कैक वर्षांनी परत आणून दिलं.

दुपारी पूर्वेला तेशी भागात शवपेट्यांच्या सुतारांकडे. इथल्या गा जमातीत मृताच्या धंद्याला किंवा मानाला साजेशी शवपेटी करतात. कोळ्याला मासा, शेतकऱ्याला कोकोचं फळ, भाजीवालीला कांदा, हौशी माणसाला मर्सिडीज. दफनासाठीच्या पेटीला वावासारखं हलकं, मऊ लाकूड वापरतात, कारण ते पटकन कोरलं जातं आणि नाहीतरी मातीतच जायचं असतं. परदेशी संग्राहकांसाठीची पेटी मात्र टणक लाकडाची, कारण तिला टिकायचं असतं. आतून कापडाचं अस्तर, बाहेरून लांबी भरून पॉलिशपेपर आणि मग रंग. कारखाना रस्त्याकडेच्या शेडमध्ये असतो. आत शिरण्यापूर्वी नमस्कार-चमत्कार करावा, आणि फोटोबद्दल आधीच बोलून घ्यावं. बहुतेक ठिकाणी छोटी रक्कम घेतात आणि मग निवांत दाखवतात.

खाण्याचं इथेच सांगून टाकते, कारण शाकाहाऱ्यांची धडधड पहिल्याच दिवशी सुरू होते. सकाळचं वाके म्हणजे तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवलेले, त्यात ज्वारीच्या पानांची देठं टाकतात म्हणून भाताला तांबूस रंग येतो. भात निर्धोक, पण त्यावर पडणारी मिरचीची काळी चटणी, शितो, सुक्या मासळीशिवाय होत नाही. ‘शितो नको, मासा नको, वेले नको’ असं तीनदा सांगावं. वेले म्हणजे गुरांचं कातडं. ‘रेड रेड’ म्हणजे पामतेलात शिजलेली चवळी आणि तळलेली पिकी राजाळी केळी. यातही कधी मासळीची पूड पडते, म्हणून विचारायचंच. केलेवेले म्हणजे आलं-मिरची लावून तळलेल्या पिक्या केळ्यांचे तुकडे, रात्री रस्त्यावर मिळतात, त्यांना तोड नाही. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके आणि बांकू पहिल्या घासाला आंबट लागतात, तिसऱ्याला आवडतात. विकणाऱ्या बाईला ‘आंटी’ म्हणायचं आणि पैसे उजव्या हातानेच द्यायचे. डावा हात पुढे केला तर चेहरा पडतो.

शनिवार : कुमासीच्या वाटेवर

अंतर अडीचशे किलोमीटर, वेळ पाच-सहा तास, गावागावात गतिरोधक. पण शनिवारची वाट बघण्यासारखी असते, कारण अख्खा आशांती मुलूख अंत्यविधीला निघालेला असतो. मृत्यू होऊन आठवडे, कधी महिनेही उलटलेले असतात. देह शीतगृहात ठेवून सोयीचा शनिवार धरतात, नातेवाईक परदेशातून येतात. लाल-काळे कपडे म्हणजे ताजं दुःख, काळे-पांढरे म्हणजे पिकलं पान गळलं. पुरुष उजवा खांदा उघडा ठेवून भलं मोठं कापड अंगाभोवती घेतात.

परक्याने जावं का? वाटाड्याने विचारून होकार आणला तर जावं, लोक आनंदाने बसवून घेतात. रीत अशी : मांडवात शिरल्यावर बसलेल्या ओळीच्या उजव्या टोकापासून सुरुवात करून डावीकडे जात प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचं. उलटं गेलात तर दुसऱ्याला हाताची पाठ दाखवल्यासारखं होतं. नंतर टेबलाशी जाऊन मदत द्यायची. तिची पावती मिळते आणि नाव-रक्कम ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते. रक्कम फार मोठी देऊ नये, यजमानांना अवघडल्यासारखं होतं. भडक कपडे बॅगेतच राहू द्यावेत.

रविवार : मान्हिया राजवाडा

आशांतींचं कॅलेंडर सहा दिवसांचा आठवडा आणि सात दिवसांचा आठवडा एकत्र गुंफून चालतं, म्हणून ४२ दिवसांचं चक्र. त्यातला एक रविवार अक्वासिदाए. त्या दिवशी राजा, आशांतीहेने, मान्हिया राजवाड्यात सोन्याने मढून दरबार भरवतो, ढोल आणि शिंगं वाजतात, सरदार छत्र्यांखाली बसतात. आम्हाला तो मिळाला नाही, दोनच आठवडे आधी होऊन गेला होता, आणि १० जानेवारी हातची जाऊ द्यायची नव्हती. दोन्ही एका सहलीत बसतीलच असं नाही. हिशेब सोपा आहे : सध्याचे राजे ओसेई टुटू दुसरे यांच्या राज्यारोहणाच्या पंचविशीचा मोठा दरबार १२ मे २०२४ ला झाला, तिथून ४२-४२ दिवस मोजत जा. आयत्या वेळी बदल होऊ शकतो, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावं.

दरबार नसला तरी राजवाड्याचं संग्रहालय आहे. इमारत १९२५ ची, राजा प्रेम्पेह पहिले यांच्यासाठी बांधलेली. इंग्रजांनी त्यांना १८९६ मध्ये पकडलं, पुढे सेशेल्सला धाडलं, १९२४ मध्ये परत येऊ दिलं. दरम्यान १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नराने सोन्याचं आसन मागितलं आणि एजिसूची राजमाता याआ आसांतेवा लढायला उभी राहिली. आसनावर राजासुद्धा बसत नाही, त्यात समाजाचा प्राण आहे असं मानतात, आणि गव्हर्नरसाहेबांना ते बसायला हवं होतं! इंग्रजांनी नेलेल्या, बहुतांशी लुटीच्या सोन्या-चांदीच्या वस्तूंपैकी ३२ वस्तू २०२४ मध्ये लंडनच्या दोन संग्रहालयांनी इथे आणल्या, पण उसन्या, तीन वर्षांच्या बोलीवर. चोराने मालकाला वस्तू उसनी द्यावी, यावर कुमासीत जे बोललं जातं ते ऐकण्यासारखं असतं. आत फोटो काढू देत नाहीत.

सोमवार : बोनविरे आणि एनतोन्सो

केंटे हे पट्ट्यांचं कापड विणणारं बोनविरे कुमासीपासून तासाभरावर. इथले विणकर रविवारी चर्चला जातात, तेव्हा सोमवार बरा. माग अरुंद असतो. विणकर समोर ताणा, म्हणजे उभे धागे, कित्येक मीटर लांब पसरतो, त्याचं टोक दगड ठेवलेल्या फळीला बांधतो, आणि विणत जाईल तशी ती फळी जमिनीवरून त्याच्याकडे घसरत येते. ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या भागांना वह्या म्हणतात, त्यांच्या दोऱ्यांना चकत्या लावलेल्या असतात. त्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून तो एकदा एक पाय, एकदा दुसरा खाली ओढतो. वह्यांच्या दोन जोड्या असतात. एकीतून ताण्याचे धागे एकेक जातात, तिने साधी वीण होते. दुसरीत ते सहा-सहाच्या जुडग्यांनी ओवलेले असतात, त्यामुळे बाणा, म्हणजे आडवा धागा, ताण्याला पूर्ण झाकतो आणि रंगाचे ते ठसठशीत चौकोन उमटतात. निघते ती सुमारे चार इंच रुंदीची पट्टी. पुरुषाच्या एका पूर्ण कापडाला अशा साधारण २४ पट्ट्या शेजारी शेजारी शिवतात. विणकराचं कसब इथेच कळतं : पट्ट्या जोडल्यावर शेजारशेजारचे चौकोन पातळीत आले पाहिजेत. अर्धा इंच घसरले तर अख्खं कापड तिरपं दिसतं. २०२४ मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

खरेदी करताना कापड उलटं करून बघा. मागाचं केंटे दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि दर चार इंचांवर शिवण हाताला लागते. बाजारात मीटरवर मिळतं ते केंट्याच्या नक्षीचं छापील कापड. ते वाईट नाही, पण त्याला केंट्याची किंमत द्यायचं कारण नाही. पूर्ण कापड परवडत नसेल तर एकच पट्टी घ्यावी. आजकाल धागा बहुधा रेयॉनचा असतो, सुती हवा तर तसं सांगावं लागतं.

एनतोन्सोला आदिंक्राची, म्हणजे चिन्हांच्या ठशांची छपाई. बादिए झाडाची आतली साल भिजवून उखळात कुटतात, उकळून गाळतात, आणि तो काढा डांबरासारखा दाट आणि काळा होईपर्यंत पुन्हा आटवतात. ठसे भोपळ्याच्या कवचावर कोरलेले असतात, मूठ म्हणून काड्या खोचलेल्या. आधी लाकडी फणी रंगात बुडवून कापडावर समांतर रेघांचे चौकोन आखतात, मग चौकोनागणिक एक चिन्ह. ठसा सपाट दाबत नाहीत. कवचाला बाक असल्यामुळे एका कडेवर टेकवून दुसऱ्या कडेकडे फिरवावा लागतो. नवखा माणूस दाबतो आणि मधलं चिन्ह फिकट येतं. हा रंग धुण्यात टिकत नाही, पूर्वी ही कापडं धूतच नसत. रुमाल स्वतः छापून घेता येतो. तो बॅगेत वेगळ्या पिशवीत ठेवा.

मंगळवार : आसिन मान्सोमार्गे केप कोस्ट

कुमासीहून दक्षिणेला उतरताना, समुद्र चाळीसेक किलोमीटरवर असताना आसिन मान्सो लागतं. आतल्या मुलखातून साखळदंडाने चालवत आणलेल्या माणसांना इथल्या ओढ्यात शेवटची आंघोळ घालत, तेल लावत, आणि किल्ल्याकडे हाकत. १९९८ मध्ये अमेरिकेतून आणि जमैकातून प्रत्येकी एका गुलाम पूर्वजाचे अवशेष इथे आणून पुरले. ओढ्यापर्यंत अनवाणी जायची पद्धत आहे. केप कोस्टचा किल्ला बघण्याआधी हे बघावं, क्रम उलटा करू नये.

संध्याकाळी किनाऱ्यावर साऱ्या होड्या वाळूत ओढलेल्या, कोळी जाळी तुणत बसलेले. मंगळवार समुद्राच्या देवतेचा, त्या दिवशी मासेमारी निषिद्ध. जाळ्यांची दुरुस्ती निवांत बघायची असेल तर मंगळवार उत्तम. बंदराची गजबज हवी असेल तर तो टाळावा.

बुधवार : दोन किल्ले

एल्मिना सकाळी गाठावं. बंदरात रंगीत होड्या एकमेकींना घासत आत येत असतात, प्रत्येकीवर झेंडे आणि देवाधर्माची वचनं. किल्ला १४८२ चा, पोर्तुगीजांनी बांधलेला, दगड आधीच घडवून लिस्बनहून जहाजांत भरून आणले होते. गोव्यात अल्बुकर्क पोचला १५१० मध्ये. म्हणजे मांडवीकाठी पोर्तुगीज येण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षं ते इथे ठाण मांडून होते. आधी सोन्यासाठी, मग माणसांसाठी. १६३७ मध्ये डचांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवून तो घेतला आणि मग पहिल्यांदा काय केलं, तर त्याच टेकडीवर स्वतःचा छोटा किल्ला बांधला. तिथवर चढून जावं, दहा मिनिटांची वाट, आणि सगळी रचना एका नजरेत कळते.

केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांच्या तळघराच्या थेट वर चर्च होतं. वाटाडी तुम्हाला खाली नेते आणि दिवा काही क्षण बंद करते. भिंतीत छताजवळ मूठभर उजेडाची भोकं. अरुंद दारातून बाहेर पडलं की लख्ख समुद्र, होड्या, पोरांचा कल्ला. त्या दारालाच परतीची वाट नसलेलं दार म्हणतात. आसिन मान्सोला नेलेले ते दोन पूर्वज याच दारातून उलट दिशेने आत आणले गेले. फेरी तासाभराची असते. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबं बरोबर असतील तर तळघरात आधी त्यांना जाऊ द्यावं, आपण मागे राहावं, आणि सेल्फी अजिबात नको. काकूमच्या जंगलातले झुलते पूल वगळले. दोन किल्ल्यांच्या मध्ये ते घुसडणाऱ्या सहली कशालाच न्याय देत नाहीत. संध्याकाळी आक्र्याला मुक्काम.

गुरुवार : आफ्लाओ सीमा आणि लोमे

आक्रा ते आफ्लाओ चार तास. सीमा ओलांडली की लागलीच लोमे शहर, मध्ये मोकळं रान असं नाहीच. इकडेही एवे लोक, तिकडेही एवे. इकडे सरकारी भाषा इंग्रजी, तिकडे फ्रेंच. गटाला दीड-दोन तास धरावेत. पासपोर्ट प्रत्येकाने स्वतःच्या हातात ठेवावा, ‘मी करून आणतो’ म्हणणाऱ्याला देऊ नये. पेन स्वतःचं. पिवळं कार्ड इथे तपासतात. घानाची सेडी उरली असेल तर इथेच संपवा, पुढे कोणी विचारत नाही, आणि नोटा बदलणाऱ्यासमोरच मोजा. गाडी बदलावी लागते, पलीकडची टोगोच्या नंबरची आधीच ठरवलेली असावी. चार्जरची पिनही बदलते : घानात तीन चौकोनी पिनांचा इंग्रजी सॉकेट, टोगो-बेनिनमध्ये दोन गोल पिनांचा.

लोमेच्या बाजारात वॅक्स कापडाचं साम्राज्य. जावाच्या बाटिकची नक्कल डच गिरण्यांनी यंत्रावर केली आणि ती इथे रुजली. विसाव्या शतकात लोमेच्या काही व्यापारी बायकांच्या हाती या कापडाची घाऊक पेठ होती, मर्सिडीज गाड्यांतून फिरायच्या म्हणून त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणत. माप पान्याचं, एक पान्य म्हणजे दोन वार, आणि पुरा जोड सहा वारांचा. अस्सल डच मालाच्या काठावर व्लिस्को कंपनीचं नाव छापलेलं असतं. ते नक्कलकारही छापतात, म्हणून कापड उलटं करून दोन्ही बाजूंचा रंग सारखा आहे का ते बघावं.

आकोदेसेवाच्या वोदून बाजारात वाळलेली जनावरं, कवट्या, मुळ्या, मूर्ती मांडलेल्या असतात. प्रवेश आणि कॅमेऱ्याचे वेगळे पैसे, त्यात वाटाड्या येतो. हा औषधांचा बाजार आहे, भुताटकीचा नव्हे. वैद्याने लिहून दिलेलं घ्यायला लोक येतात. प्राण्यांचा कुठलाही अवयव विकत घेऊ नका, वन्यजीव कायद्याखाली मुंबईच्या विमानतळावर तो अंगाशी येईल.

शुक्रवार : तोगोव्हिल आणि दत्तगुरू

टोगो सरोवर लांब काठीने ढकलायच्या होडीतून ओलांडलं की तोगोव्हिल. ५ जुलै १८८४ ला जर्मन दूत नाख्टिगालने इथल्या राजाशी करार केला आणि सरोवराकाठच्या या गावाचं नाव पुढे अख्ख्या देशाला लागलं. गावात कॅथलिक चर्च आणि वोदूनची ठाणी भिंतीला भिंत लावून.

या किनाऱ्यावर मामी वाताची देवघरं आहेत. ही पाण्यातून येणारी, पैसा आणि रूप देणारी देवी. तिच्यापुढे आरसा, पावडर, अत्तर, गोड सरबताच्या बाटल्या. भिंतीवरचं चित्र मराठी माणसाला थबकवतं. गळ्यात साप घेतलेली, भरघोस केसांची गारुडीण हे मूळचं हांबुर्गमध्ये छापलेलं सर्कशीचं चित्र. कुमासीतून पाठवलेल्या नमुन्यावरून १९५५ मध्ये मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीने त्याच्या १२,००० प्रती छापून पश्चिम आफ्रिकेत पाठवल्या, आणि देवीची तसबीर म्हणून ते आणखी पसरलं. भारतीय व्यापाऱ्यांबरोबर आपल्या देवांची कॅलेंडरंही आली. एवे भक्तांनी त्यांत आपले देव ओळखले. तीन मुखांचा जलदेव देन्सू त्यांच्याकडे आहेच. त्याच्या जागी चार कुत्रे आणि गाय असलेले आपले दत्तात्रेय लावलेले दिसतात. पुजाऱ्याला हे कोण म्हणून विचारलं तर तो देन्सूचीच गोष्ट सांगेल. त्याला दुरुस्त करायला जाऊ नये. देवघरात चपला बाहेर, आत बोलावल्याशिवाय पाऊल नाही, भेट म्हणून जिनची बाटली आणि थोडे पैसे. फोटो शेवटी विचारायचा, आधी नाही.

दुपारी हिलाकोंजी सीमेवरून बेनिन. घड्याळ एक तास पुढे करा. पुढच्या दिवशीच्या वेळा यावरूनच चुकतात.

शनिवार, १० जानेवारी : विदा

बेनिनने १९९६ मध्ये वोदूनला धर्म म्हणून मान्यता दिली आणि पुढे १० जानेवारी ही राष्ट्रीय सुट्टी केली. २०२४ पासून सरकार त्याभोवती काही दिवसांचा मोठा उत्सव भरवतं, त्यामुळे विदात खोली मिळणं कठीण. पश्चिमेला ग्रां-पोपोला राहावं आणि पहाटे निघावं, नंतर रस्ता तुंबतो. गाडी गावाबाहेर लावून चालायची तयारी ठेवा. टोपी, दोन लिटर पाणी, सुटे पैसे. दहा हजारांची नोट त्या गर्दीत कोणीही मोडून देत नाही.

मुख्य सोहळा समुद्रकाठी, परतीची वाट नसलेल्या दाराच्या कमानीजवळ. तिथे मंडप, भाषणं, कॅमेरे. खरी मजा दुपारनंतर गल्ल्यांत. झांगबेतो म्हणजे रंगवलेल्या गवताचा माणसाहून उंच शंकू, गिरक्या घेत येतो. तो रात्रीचा राखणदार. मध्येच सोबतचे लोक तो उचलून उलटा करतात आणि आत कोणीच नसतं, नुसती एखादी छोटी मूर्ती. मागच्या बाजूला जाऊन डोकावण्याचा मोह टाळावा. एगुनगुन म्हणजे परत आलेले पूर्वज, अंगभर कवड्या आणि चमकीच्या कापडांच्या झालरी. त्यांच्या कापडाचा स्पर्श होता कामा नये. हातात काठी घेतलेले रखवालदार असतात, ते मागे सरा म्हणाले की लगेच सरायचं, फोटो गेला तरी चालेल. त्या कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या, हिंदी महासागरातून युरोपी जहाजांनी इथवर आल्या आणि या किनाऱ्यावर चलन झाल्या. माणसंही त्यांनीच मोजून विकली गेली.

अजगरांचं देऊळ आणि कॅथलिक बॅसिलिका समोरासमोर आहेत. देवळातले अजगर बिनविषारी. रात्री बाहेर फिरतात, कोणाच्या घरात शिरले तर लोक अलगद परत आणून सोडतात. विदातला पोर्तुगीज किल्ला १७२१ चा. पोर्तुगालने तो अगदी १९६१ पर्यंत सोडला नव्हता. नव्याने स्वतंत्र झालेल्या दाहोमेने (बेनिनचं तेव्हाचं नाव) त्या वर्षी ३१ जुलैची मुदत दिली, आणि शेवटच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने लिस्बनच्या हुकमावरून तो पेटवून दिला. साडेचार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला.

जेवायला वागासी मिळालं तर सोडू नका. फुलानी गुराख्यांचं हे गाईच्या दुधाचं चीज पनीरच्या घराण्यातलं, तळलं तरी वितळत नाही. दूध नासवायला ते रुईच्या झाडाचा चीक वापरतात, आपल्याकडे मारुतीला जिची माळ घालतात त्या रुईच्याच कुळातलं. वरून लाल रंग ज्वारीच्या पानांचा. टोमॅटोच्या रश्शात घालतात; रश्शात सुकी मासळी आहे का ते विचारा, नाहीतर नुसतं तळून आणि ‘गरी’ या कसाव्याच्या रव्याबरोबर मागा.

रविवार : आबोमे

दाहोमेच्या राजांची राजधानी, मातीचे राजवाडे, १९८५ पासून जागतिक वारसा. भिंतींवरच्या मातीच्या उठावचित्रांत प्रत्येक राजाचं चिन्ह : विदा जिंकणाऱ्या आगाजाचं जहाज, घेझोची म्हैस, ग्लेलेचा सिंह, बेहांझिनचा शार्क. बेहांझिनने १८९२ मध्ये फ्रेंच सैन्य दाराशी आल्यावर राजवाडा स्वतःच पेटवला. फ्रेंचांनी नेलेल्या २६ वस्तू २०२१ मध्ये परत मिळाल्या, या मात्र उसन्या नाहीत. जागोजाग पुनर्बांधणी चालू आहे, तेव्हा कुठला भाग उघडा आहे ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या. आबोमेचं ठिगळकाम घ्यायचं तर आकृतीच्या कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवल्या आहेत का ते बघा. स्वस्त मालात कडा डिंकाने चिकटवलेल्या असतात, पहिल्या धुण्यात उठतात.

सोमवार : गानविए

नोकुए सरोवरातलं खांबांवरचं गाव. गुलाम पकडणाऱ्या फौजांपासून लोक पाण्यात पळाले, असं सांगतात. सकाळी सातला आबोमे-कालावीच्या धक्क्यावर हजर राहा, तिकीट खिडकीवरच घ्या. आठपर्यंत बायकांच्या होड्यांचा बाजार भरतो, नंतर उरतात ती पर्यटकांची दुकानं. पाण्यात फांद्या रोवून केलेली आकाजा नावाची कुंपणं दिसतील : फांद्या कुजतात, त्यावर शेवाळ धरतं, मासे खायला येतात, मग जाळ्याने घेरून काढतात. फांद्या किनाऱ्यावरच्या झाडांच्याच, त्यामुळे जंगल आणि सरोवराचा गाळ दोन्हींची तक्रार असते. होडीतल्या बायका कॅमेरा दिसला की टोपी तोंडावर ओढतात. तो नकार आहे, तो समजून कॅमेरा खाली ठेवायचा.

दुपारी पोर्तो-नोव्होची मोठी मशीद, ब्राझीलहून परतलेल्या मुसलमानांनी बांधलेली, मनोरे सोडले तर थेट बहियातलं चर्च. आत जाता येत नाही, बाहेरून दहा मिनिटं पुरतात. तिथून कोटोनूचा विमानतळ.

हिवतापाच्या गोळ्या घरी आल्यावर बंद करू नका : डॉक्सिसायक्लिन असेल तर पुढे चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. नंतर काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात पश्चिम आफ्रिकेचं नाव सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.